दैनंदिन जीवनातील आशावाद



आशावादाविषयी आपल्या समाजात दोन समज रूढ आहेत. पहिला असा की, आशावादी वृत्ती ही जन्मजात देणगी असून ती ज्याला लाभली त्यालाच लाभते. दुसरा असा की, आशावादी माणूस अडचणींकडे डोळेझाक करतो. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ या वृत्तीलाही पुष्कळदा आशावाद म्हटले जाते. वस्तुतः तो दैववाद होय. खरा आशावादी परिस्थितीचा हिशेब काटेकोरपणे मांडतो आणि हाती जे उरले असेल तेवढ्यावर कामाला लागतो. ही निवड आहे आणि ती रोज नव्याने करावी लागते.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाचे उदाहरण या दृष्टीने मननीय आहे. वर्षाकाठी जेमतेम ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची घडी विस्कटली. डोंगर उघडे पडले, विहिरी आटल्या, कुटुंबे पोटासाठी शहरांकडे निघून गेली आणि मागे राहिलेल्यांत व्यसन व भांडणे वाढली. शासकीय सेवकांना शिक्षा म्हणून बदलीवर पाठवावयाचे गाव, अशी त्याची ख्याती झाली होती. १९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार हे सुशिक्षित तरुण तेथे सरपंच झाले. पाऊस वाढविणे कोणाच्याच हाती नव्हते. पडलेला पाऊस अडविणे मात्र ग्रामस्थांच्या हाती होते. श्रमदान आणि शासकीय योजना यांची सांगड घालून त्यांनी डोंगरउतारावर समतल चर खोदले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी ही बंधने गावाने आपणहून स्वीकारली.

यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. पाणी दिसू लागल्यावर माणसे सहसा हिशेब विसरतात. हिवरे बाजारने मात्र पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी मोजावयाची, माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम राखून ठेवावयाचे आणि उरलेल्या पाण्यावर कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभेत ठरवावयाचे. ज्या वर्षी पाऊस कमी, त्या वर्षी पिकांना कात्री लागणार, हे सर्वांना ठाऊक असते. उसासारख्या तहानलेल्या पिकांना आणि शेतीसाठीच्या कूपनलिकांना तेथे मज्जाव करण्यात आला. गाव सोडून गेलेली अनेक कुटुंबे पुढे परतली. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री सन्मान जाहीर झाला. या गावाची आशा आकडेमोडीवर उभी होती, म्हणूनच ती टिकली.

व्यक्तीच्या जीवनातही हेच सूत्र दिसते. धोंडो केशव कर्वे लहान वयात परीक्षेस बसण्यासाठी कोकणातील मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले. वय लहान दिसते, या कारणास्तव त्यांना परीक्षेस बसू देण्यात आले नाही. एवढी पायपीट वाया गेल्यावर कोणीही शिक्षणाचा नाद सोडला असता. कर्वे पुढे पदवीधर झाले आणि १८९१ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. विधवांसाठी आश्रम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ ही त्यांची कार्ये सर्वश्रुत आहेत. परंतु ज्या खेड्यांत शाळा नव्हत्या तेथे त्या काढण्यासाठी त्यांनी १९३६ मध्ये, म्हणजे वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, नवे मंडळ स्थापन केले, याची आठवण फारशी काढली जात नाही. त्या वयातही ते पुढच्या शाळेचा विचार करीत होते.

मोठ्या माणसांच्या या गोष्टींचा आपल्या नित्याच्या कामाशी काय संबंध, असा प्रश्न कोणी विचारील. संबंध अगदी निकटचा आहे. कार्यालयात आणि पंचायतीच्या बैठकीत निराशा बहुधा अनुभवाचा वेष घेऊन येते. ‘हे पूर्वीही करून पाहिले आहे’, ‘या गावात काही होणार नाही’, ‘या मुलाला गणित येणे शक्य नाही’, ही वाक्ये शहाणपणाची वाटतात. त्यांची किंमत मात्र बोलणारा मोजीत नाही. ती अर्जदाराला, गावाला आणि त्या मुलाला मोजावी लागते. खाजगी माणसाची निराशा त्याच्यापुरती असते. सार्वजनिक सेवकाची निराशा इतरांच्या वाट्याला जाते. म्हणून सार्वजनिक सेवकाच्या ठिकाणी आशावाद हा कर्तव्याचाच भाग ठरतो.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. संकटात सापडलेल्या माणसाला आशेचे पाठ देणे हा आशावाद नव्हे. ज्याचे पीक करपले त्याला ‘धीर धरा’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. त्याचा पंचनामा वेळेवर झाला, तर न सांगताही त्याला धीर येतो. ज्या घरात मृत्यू झाला तेथे काही काळ मूकपणे सोबत करणे हेच योग्य. आशा उपदेशाने येत नाही, कोणीतरी केलेल्या कामातून येते.

यास्तव दिवसाच्या आरंभी दोन प्रश्न स्वतःस विचारावेत. आज कमी काय आहे? आणि त्यातले आपल्या हाती काय आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे, दुसऱ्याचे उत्तर कृतीने द्यावे. शिक्षकाने मागे पडलेल्या एका मुलापाशी दहा मिनिटे अधिक बसावे, सेवकाने रेंगाळलेले एक प्रकरण मार्गी लावावे, पंचायत सदस्याने गावातील एका विहिरीची पातळी मोजून ग्रामसभेपुढे ठेवावी. काम लहान असले तरी ते पूर्ण झाले की दुसऱ्या दिवशीचा हिशेब थोडा निराळा मांडता येतो.