नट आवळण्याआधी

श्रोतेहो, गच्चीवरच्या सोलर पॅनेलची चौकट, स्लॅबला टांगलेले पाइप, टाकीचा स्टँड, सगळीकडे आता आटे पाडलेला स्टेनलेसचा रॉड दिसतो. हवा तेवढा कापायचा, दोन्हीकडे वॉशर-नट लावायचे. हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझं मागणं एकच आहे : आट्यांना वंगण लावल्याशिवाय स्टेनलेसचा नट आवळू नका.

“स्टेनलेस गंजत नाही, मग ग्रीस कशाला?” असं फिटरमंडळी विचारतात. अहो, गंजाचा इथे संबंधच नाही! या पोलादात निदान साडेदहा टक्के क्रोमियम असतं. त्याची डोळ्यांना न दिसणारी साय पृष्ठभागावर धरते आणि तीच धातूला राखते. आवळताना दाबाखाली ती खरवडली जाते, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि चिकटतो. नट मग पुढे जात नाही, मागेही येत नाही. जोर केला तर रॉडच तुटतो.

एकाच कणकेच्या दोन लाट्या एकमेकींवर ठेवून लाटा. मध्ये तेल-पिठी नसेल तर पदर सुटतील का? लाटणं जितकं दाबाल तितक्या त्या एकजीव होणार. आणि ड्रिल मशीनने भर्रकन नट फिरवणारे तर तापल्या तव्यावरच लाटायला बसतात! वेगाने आटे तापतात, म्हणून नट हाताने, सावकाश फिरवा.

म्हणून पुन्हा सांगतो, आधी वंगण. आटे धरू न देणारी अँटी-सीझ पेस्ट मिळाली तर उत्तम, नाहीतर निदान चांगलं ग्रीस. मात्र वंगणामुळे तेवढ्याच जोरात रॉड जास्त ताणला जातो, तेव्हा पान्यावर लोंबकळू नका. रॉड कापण्याआधी त्यावर एक नट चढवून ठेवा. कापलेल्या टोकाची धार कानशीने मारा, मग तो नट बाहेर काढा, म्हणजे आटे सरळ होतील. कचरा अडकलेल्या आट्यांवर नट हमखास धरतो.

किनाऱ्यावरच्या श्रोत्यांनी ३०४ऐवजी ३१६ ग्रेडचा रॉड मागावा. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, खाऱ्या हवेत तो जास्त टिकतो.

उद्या फिटर आला की आधी त्याच्या पिशवीत ग्रीसची डबी आहे का, ते बघा. नसेल तर आणायला पाठवा, चहा नंतर द्या.