लेकराचा कान

(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



"एवढ्याशा लेकराले काय कयते?" असे आपल्या वाशीमकडे सर्रास म्हणतात. आमचे म्हणणे असे, की त्याला पुष्कळ कळते. १९८० साली अमेरिकेत तीन दिवसांच्या आतल्या बाळांना चोखणी दिली. एका तऱ्हेने चोखले की आईचा आवाज, दुसऱ्या तऱ्हेने चोखले की परक्या बाईचा. बहुतेक बाळांनी आईचाच आवाज येईल असे चोखले!

दुसरा प्रयोग तर आपल्याच अक्षरांचा. इंग्रज माणसाला 'ताट' म्हणायला लावा. 'त' आणि 'ट' यांतला फरक त्याच्या कानाला नीट लागतच नाही. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले हेच दोन आवाज ऐकवले. आवाज बदलताच बाळाने मान वळवली, की डब्यातले खेळणे दिसायचे. १९८४ साली त्यांनी निष्कर्ष छापले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळत होता, दहा-बारा महिन्यांच्या फारच थोड्यांना. हिंदी घरांतल्या वर्षाच्या आसपासच्या लेकरांना मात्र तो कळत होता. म्हणजे कान बिघडला नव्हता. घरात जे बोलतात त्यासाठी तो तयार झाला, बाकीचे मागे पडले.

आता आपल्या वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. डोया, शाया, काया. लेकरू शाळेत तसे बोलले की वर्गात हशा पिकतो, कोणी 'जीभ जड आहे' म्हणते. जीभ जड नाही हो, तो आवाज त्याने मायच्या तोंडून घेतला आहे! 'ळ' शिकवावा, जरूर शिकवावा; पण ऐकवून, हसून नव्हे.

सोयाबीनच्या सोंगणीला आई जाते, लेकरू आजीजवळ राहते आणि रडू नये म्हणून त्याच्यापुढे मोबाईल धरतात. २००३ साली पॅट्रिशिया कूल यांनी अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. चिनी बोलणारी माणसे बारा वेळा समोर बसून बाळांशी बोलली, खेळली. त्या बाळांना चिनी आवाज ओळखू येऊ लागले. तीच माणसे टीव्हीवर दाखवली, तर काही उपयोग झाला नाही. तेव्हा आजीबाई, तांदूळ निवडता निवडता तुमची बडबड चालू द्या.

आणि ऐकूच येत नसेल तर? सहा महिन्यांचे लेकरू आवाजाकडे वळत नसेल, तर 'त्याचा बापही उशिराच बोलला' म्हणत बसू नका. अंगणवाडीताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ऐकू न येण्याचा दोषही पाहतात. काही माताभगिनी भितात म्हणून सांगतो, पहिल्या तपासणीला सुई लागत नाही. बाळ झोपलेले असताना कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांचे काम.