वडिलांचा सुतारी बाक



पोप बारावे पायस यांनीं १९५५ सालीं १ मे हा दिवस कामकरी संत योसेफ यांचा सण म्हणून ठरविला. त्या सुतार संताच्या सणीं आम्ही आपणांपुढें घरच्या एका बाकाची हकीकत ठेवितों.

हा सागवानी बाक आमच्या आजोबांनीं केला. वडिलांनीं त्यावर जन्मभर रंधा मारिला. ते वारल्यावर बाक पडवींत पडला. आम्ही धर्मसेवेंत दूर. तीस वर्षें त्याकडे पाहिलेंच नाहीं, हें कबूल करणें प्राप्त आहे. गतवर्षीं पुतण्यानें तो उजेडांत आणिला, तेव्हां पायांचे तळ कुजलेले, एका पायास वाळवी लागलेली, सांधे खिळखिळे.

आम्ही दोघे कामास लागलों. खिळे ठोकावयाचे नाहींत, असें आधींच ठरविलें. जुना सरस ऊब व ओल मिळतांच सुटतो. म्हणून ऊन पाण्यांत भिजविलेलीं फडकीं गुंडाळून सांधे मोकळे केले. कुजका भाग तेवढा कापून जुन्या सागाचे तुकडे जोडिले. लांकडाचें कापलेलें टोक जमिनीची ओल शोषून घेतें. यास्तव पायांखालीं दगड दिले. वरची फळी तिरपा रंधा मारून सपाट केली. चकाकणारें रोगण लाविलें नाहीं, कारण गुळगुळीत फळीवर काम सरकतें. जवसाचें तेल पुरलें. तेलकट फडकीं मात्र पसरून वाळविलीं. गोळा करून टाकल्यास तीं आपोआप पेट घेऊं शकतात.

मग पुतण्यानें पुढल्या कडेवर रंधा टेकविला, तोंच आम्हीं त्याचा हात धरिला. त्या कडेवर करवतीच्या बारीक खुणा आहेत. गांवच्या शवपेट्या वडीलच करीत, आणि फळ्यांची लांबी तेथें खूण करून ठरवीत. टोकापासून सर्वांत जवळची खूण आमच्या धाकट्या बहिणीची. त्या दिवशीं वडिलांनीं कोणासही मदतीस बोलाविलें नव्हतें.

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. रंधा बाजूस ठेवून त्यानें त्या कडेस नुसतें तेल लाविलें.

बंधुभगिनींनो, दुरुस्ती म्हणजे जुनें पुसून नवें करणें नव्हे. जें कामास अडवितें तें काढावें. बाकी राहूं द्यावें. आज त्याच बाकावर पुतण्या शेजाऱ्यांच्या खिडक्या-दारें नीट करितो. आपल्याही पडवींत कोणा वडीलधाऱ्याचें अवजार पडलें असेल. पावसाळ्यापूर्वीं तें एकदां बाहेर काढावें, एवढीच आमची विनंती.