आठ गाण्यांची यादी

(स्त्री-गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या निवासी शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



काल दिवसभर आपण पोटगी, पोलीस ठाणं आणि रेशनकार्ड यांवर बोललो. आज सकाळी फळ्यावर माझा विषय लिहिला गेला, 'गाण्यांच्या याद्या', तेव्हा मागच्या रांगेत हसू फुटलं. आमच्या संस्थेच्या बैठकीतही फुटलं होतं. एका विश्वस्तांनी विचारलं, "हा उपक्रम अहवालाच्या कोणत्या रकान्यात टाकायचा?" तो रकाना अजून सापडलेला नाही. तेव्हा आधी आम्ही काय करतो ते सांगते.

आमच्या वस्तीत अकरा जणींचा एक गट आहे. धाकटी बावीस वर्षांची, थोरली अठ्ठावन्न. बहुतेक धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या, एक अंगणवाडी मदतनीस, एक शिवणकाम करणारी, दोघी कॉलेज अर्धवट सुटलेल्या. सगळ्या गाण्यांच्या वेड्या. दर पंधरा दिवसांनी चिठ्ठीनं एक विषय निघतो. प्रत्येकीनं त्या विषयावर आठ गाणी निवडायची, त्यांचा क्रम लावायचा आणि यादी फोनवरून गटाला पाठवायची. आठच का? आठ गाण्यांना पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एका घरची भांडी होतात. हा हिशेब माझा नाही, त्यांचा. मग पुन्हा चिठ्ठ्या टाकून प्रत्येकीकडे दुसरीची यादी जाते. ती अख्खी ऐकायची, मधलं गाणं पुढे ढकलायचं नाही, आणि शनिवारच्या बैठकीत मत द्यायचं. नुसतं 'छान आहे' चालत नाही. कोणतं गाणं काढशील, का काढशील, क्रम कुठे चुकला, हे सांगावं लागतं.

बाईनं रांधलेल्यावर घरातलं प्रत्येक माणूस मत देतं. मीठ कमी आहे, रस्सा पातळ आहे. पण बाईनं एखाद्या गोष्टीवर कारणासकट मत द्यावं आणि समोरच्या दहा जणींनी ते पूर्ण ऐकून घ्यावं, असे प्रसंग तिच्या वाट्याला किती येतात? पहिले दोन महिने आमच्याकडे सगळ्या याद्या 'छान'च होत्या. तिसऱ्या महिन्यात शिवणकाम करणारी म्हणाली, "हिची शेवटची तीन गाणी एकाच चालीची आहेत. मला झोप आली." त्या दिवसापासून गट सुरू झाला असं मी धरते.

गाणं कोणी निवडायचं, हा प्रश्न आपल्या देशात कधीच साधा नव्हता. १९५२ साली बाळकृष्ण केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मंत्रिमहोदयांना लोकांची अभिरुची सुधारायची होती. लोकांनी काटा फिरवून रेडिओ सिलोन लावला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारला 'विविध भारती' काढावी लागली. लोकांची आवड जिंकली, असं आपण म्हणतो. या लोकांत घरातली बाई किती होती? आमच्या गटातल्या थोरल्या मावशी सांगतात की रेडिओ सासऱ्यांच्या खाटेशी असायचा. त्यांना बातम्या लागत. 'आपली आवड' ऐकायची ती चुलीपाशी बसून, भिंतीपलीकडून, तेही सासरे बाहेर गेलेले असले तर.

पुढे कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात ती इतकी स्वस्त झाली की गावोगावच्या दुकानांत यादी देऊन हवी ती गाणी भरून घेता यायची. साठ मिनिटांची कॅसेट, एका बाजूला सहा-सात गाणी. ही यादी घेऊन दुकानात कोण जायचं? भाऊ, दीर, नवरा. कॅसेटच्या कडेला दोन छोटे चौकोन असत. ते मोडून टाकले की तिच्यावर दुसरं काही भरता येत नसे. मावशींच्या आईच्या आवाजातल्या ओव्या कुणीतरी पाहुण्यानं टेप केल्या होत्या. ते चौकोन मोडायचे असतात हे घरात फक्त मुलांना माहीत होतं, आणि त्यांनी मोडले नाहीत. वर्षभरात त्या ओव्यांवर सिनेमाची गाणी चढली. मावशी हे सांगताना अजून चिडतात, आणि मला ते चिडणं योग्य वाटतं. नंतर मेमरी कार्ड आलं. मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर थोड्या पैशांत शेकडो गाणी भरून मिळायची, पण ती टपरीवाल्या पोराच्या आवडीची. आता फोनवरचं अॅप आपली यादी संपली की पुढचं गाणं स्वतःच लावतं. केसकर गेले, त्यांच्या जागी हे आलं!

आमच्या बायका ज्याला 'लिस्ट लावणं' म्हणतात ते त्यांना नवं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्या एक लाखाहून अधिक भरल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्यातल्या कितीतरी लोकांपुढे आणल्या. या ओव्यांची विषयवार विभागणी केलेली आहे. माहेर, भाऊ, लेक, सासरचा जाच, पंढरीची वाट. दळता दळता एकीनं ओवी टाकायची आणि दुसरीनं त्याच विषयावरची पुढची जोडायची, हे आपल्या आज्या करतच होत्या. फरक एवढाच की तेव्हा हात जात्यावर होते.

आणि आता ते भांड्यांवर आहेत. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं बिनपगारी घरकामात गेलेली दिसली, पुरुषाची ९७. २०२४ च्या सर्वेक्षणात हे आकडे २८९ आणि ८८ होते. पाच वर्षांत दोघांच्याही वेळेत जेमतेम दहा मिनिटांचा फरक. या श्रमविभागणीवर आपण घोषणा दिल्या, पथनाट्यं केली. पण बाईला रिकामा वेळ मिळाला तर ती त्याचं काय करेल, हे विचारलं की आपण लगेच शिलाईचं प्रशिक्षण काढतो. तिला करमणुकीचा हक्क आहे, हे म्हणायला आपल्याच चळवळीला संकोच वाटतो.

आता याद्यांकडे येते. 'पाऊस' हा विषय निघाला तेव्हा अंगणवाडीतल्या ताईंनी सिनेमातली आठ गाणी दिली, सगळी प्रेमाची, एकाहून एक गोड. मत द्यायची पाळी होती पत्र्याच्या घरात राहणाऱ्या एकीची. ती म्हणाली, "गाणी चांगली आहेत. पण या आठही गाण्यांत कुणाच्याच घरात पाणी शिरत नाही." मग पाऊस कोण बघतंय, खिडकीतून की दारात बादली धरून, यावर तासभर चर्चा झाली. पडद्यावर भिजलेल्या नायिकेकडे कॅमेरा कुठून बघतो हेही त्यांनीच काढलं. जाणीवजागृतीच्या शिबिरात 'पुरुषी नजर' हा शब्द समजावताना माझी दमछाक होते. इथे तो शब्द कुणी उच्चारलासुद्धा नाही.

'बाईनं केलेलं गाणं' हा विषय मी सुचवला होता. अकरा याद्या आल्या आणि बहुतेक सगळ्या गायिकांच्या. मी विचारलं, गायलं कोणी हे कळलं, केलं कोणी? मग शोध सुरू झाला. अॅपवर गायकाचं आणि सिनेमाचं नाव ठळक दिसतं, गीतकाराचं शोधावं लागतं. डॉ. वसंत अवसरे या नावानं लिहिलेली गाणी कुणाच्याच यादीत नव्हती, कारण तो पुरुष आहे असा सगळ्यांचा समज. ते शांता शेळके यांचं टोपणनाव. 'मराठा तितुका मेळवावा' (१९६४) आणि 'साधी माणसं' (१९६५) यांचे संगीतकार 'आनंदघन' म्हणजे खुद्द लता मंगेशकर. हे ऐकल्यावर कॉलेज सोडलेली एक जण म्हणाली, "एवढ्या मोठ्या बायका, त्यांनासुद्धा दुसरं नाव लागलं?" टोपणनाव घेण्याची कारणं अनेक असतात, ती सगळी बाईपणातूनच येतात असं मी म्हणणार नाही. पण तिचा प्रश्न खोडून काढावा असंही मला वाटलं नाही. पुढच्या पंधरवड्यात तिनं सरस्वतीदेवी, जद्दनबाई आणि उषा खन्ना या तीन संगीतकार शोधून आणल्या. सरस्वतीदेवी या पारशी बाई. त्यांनी १९३६ मध्ये 'अछूत कन्या'ला संगीत दिलं. आमच्यापैकी कुणालाच त्या माहीत नव्हत्या.

सगळं असं गोडीगुलाबीनं झालं नाही. 'सकाळची गाणी' या विषयावर भूपाळ्या, अभंग, भक्तिगीतं आली. दोघींनी भीमगीतं दिली, त्यांत वामनदादा कर्डकांची तीन होती, कडूबाई खरातांच्या आवाजातली दोन. मत देणारी म्हणाली, "गाणी जोरदार आहेत, पण ही सकाळची नव्हेत, मिरवणुकीची आहेत." यादी करणारीनं शांतपणे उत्तर दिलं, "आमच्या घरात सकाळी हीच लागतात. तुमची भूपाळी आमच्या घरात कधी लागलीच नाही." बैठक गप्प झाली. 'मला तसं म्हणायचं नव्हतं' हे वाक्य तीन वेळा आलं. पुढच्या दोन शनिवारी त्या दोघी आल्या नाहीत.

इथे थोडं थांबते. 'आपण सगळ्या बायका, बायकांत कसली जात' असं म्हणून आपण अशा वेळी विषय पुढे नेतो. पण कोणती सकाळ सगळ्यांची आणि कोणती काहींची, हे कुणीतरी ठरवलेलंच असतं. गटात चर्चा घडवून आणायचं काम माझं होतं, त्या दोघींच्या घरी जाऊन समजूत काढायचं नव्हतं. जिनं मत दिलं होतं तीच तिसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडे गेली. काय बोलणं झालं मला माहीत नाही. तिच्या पुढच्या यादीत माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्या होत्या, त्या त्या दोघींनी तिला ऐकवल्या होत्या. वाद मिटला असं मात्र नाही. एक अजूनही मोजकंच बोलते. गटानं नवा नियम केला की 'हे गाणं या विषयात बसत नाही' असं म्हणायचं झालं तर आधी 'तू हे कुठे, कधी ऐकतेस' हे विचारायचं.

नाचाच्या गाण्यांबद्दल तुम्ही विचारणारच. धाकटीच्या यादीत अशी गाणी असतात की त्यांतले शब्द इथे उच्चारायची माझी तयारी नाही. आमच्या दोन ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी बंदी घालायला सांगितलं. धाकटी म्हणाली, "शब्द घाणेरडे आहेत हे कळतं मला. पण ठेका बघा ना!" बंदीला माझा विरोध आहे. तिला कळतं, तिला आवडतं, आणि या दोन गोष्टी एका वेळी खऱ्या आहेत. केसकरांच्या खुर्चीत आपण कशाला बसायचं?

शेवटी एक कठीण गोष्ट. समाजकार्याच्या शिक्षणात मला मुलाखत कशी घ्यायची, नोंद कशी ठेवायची हे शिकवलं. बाईनं लावलेली यादी वाचली की वाटतं, मुलाखतीत जे सहा महिने आलं नाही ते इथे क्रमानं लिहिलेलं आहे. तो मोह मोठा असतो. म्हणून गटात पक्कं ठरलं आहे की यादीवरून कुणाच्या आयुष्याबद्दल विचारायचं नाही आणि मी यादीची केस करायची नाही.

आणि धोका घरातूनच असतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९–२१) देशात १५ ते ४९ वयोगटातल्या जेमतेम ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. बाकीच्यांचा फोन म्हणजे घराचा फोन. 'एकटीनं ऐकायची गाणी' हा विषय चालू असताना एकीच्या नवऱ्यानं फोन उघडला. शेवटी ऐकलेली गाणी अॅपवर पहिलीच दिसतात. "ही कुणासाठी ऐकतेस?" इथून सुरुवात झाली. तिला मारलं, फोन काढून घेतला. आम्ही गेलो. तिला तक्रार करायची नव्हती, फोन हवा होता. तो वीस दिवसांनी मिळाला, रोज रात्री नवऱ्याला दाखवायच्या अटीवर. ती गटात टिकली. यादी कागदावर लिहून आणते, आम्ही बैठकीत स्पीकरवर लावतो. बाकीच्यांनी आपापल्या याद्यांची नावं बदलली. आता फोनवर 'स्वयंपाक १', 'स्वयंपाक २' अशी नावं आहेत. याला युक्ती म्हणून सगळ्या हसतात. मला राग येतो, आणि तरी मीच नव्या बाईला हे नाव ठेवायला सांगते.

आमचे विषय आणि नियम लिहिलेला कागद मी बरोबर आणला आहे. जेवणाच्या सुट्टीत ज्यांना हवा त्यांनी उतरवून घ्यावा. बायकांच्या याद्या मात्र मागू नका, त्या मी आणलेल्या नाहीत.