सातबाऱ्यावर नाव एक, मने अनेक
(शिरोली एमआयडीसी येथे कामगार-शेतकऱ्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिरोलीच्या या वसाहतीत ओतकामाच्या भट्टीपाशी रात्रपाळी करणारा माणूस सकाळी नागावला किंवा हालोंडीला परतून उसाला पाणी पाजतो. त्याला कामगार म्हणावे की शेतकरी, याचे उत्तर आजवर कोणत्याही पक्षाने नीट दिलेले नाही. शेतकऱ्यांच्या चळवळी तर असे बोलतात की, जणू सर्व शेतकऱ्यांचे मन एकाच साच्यातून ओतून काढलेले आहे. साच्यातून बीड निघते. माणसे निघत नाहीत.

एकाच शिवारातील चार खातेदार घ्यावेत. पहिल्याला जमीन ही वाडवडिलांची ठेव वाटते. ती विकणे तो पाप मानतो. दुसऱ्याच्या लेखी ती भांडवल आहे. उसाच्या बिलाची वाट पाहून थकल्यावर गुंठ्याला मिळणारा भाव त्याला अधिक खरा वाटतो. तिसरा, माती खारावू नये म्हणून, शेजाऱ्यांची थट्टा सोसून पाणी मोजून देतो. चौथ्याला अर्धा एकर म्हणजे कारखान्याचे दार बंद झाल्यावरचा आधार. यांत थोर कोण आणि स्वार्थी कोण, याचा निवाडा करण्यात चळवळीने वेळ दवडू नये. तिच्यापुढचा खरा प्रश्न असा आहे की, या चौघांपैकी कोणाची निवड मोकळी आहे?

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नागपूर ते गोवा या सुमारे ८०२ किलोमीटरच्या नियोजित शक्तिपीठ महामार्गाला २०२४ साली कोल्हापूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शासनाने जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द केली. पुढे २०२५ साली महामार्गाचा विषय पुन्हा रेटला गेला, तेव्हा जिल्ह्यातीलच काही शेतकरी समर्थनासाठी उभे राहिले. अशा वेळी एका बाजूला 'विकला गेलेला' आणि दुसऱ्या बाजूला 'विकासाचा वैरी' ठरविण्याची घाई होते. परंतु पिकाचा भाव उत्पादनखर्चालाही पुरत नसेल, तर जमीन देण्यास राजी झालेल्याची संमती कितपत स्वेच्छेची म्हणावी? आणि कर्ज नसलेल्या बागाईतदाराचा नकार कर्जबाजारी अल्पभूधारकाच्या होकारापेक्षा आपोआप अधिक नैतिक कसा ठरतो? ज्याला आपण मूल्यांमधला भेद समजतो, तो पुष्कळदा ऐपतीमधला भेद असतो.

यावर उपाय आहे आणि महाराष्ट्राने तो एकदा करून पाहिला आहे. रायगड जिल्ह्यातील महामुंबई सेझच्या विरोधात एन. डी. पाटील यांच्यासारख्या नेत्यांच्या साथीने आंदोलन उभे राहिले आणि सप्टेंबर २००८ मध्ये पेण तालुक्यातील २२ गावांत शासनाला जमीनधारकांचे मत अजमावावे लागले. तो प्रकल्प पुढे उभा राहिला नाही. परंतु त्याहून मोठी गोष्ट ही की, शेतकऱ्याच्या वतीने पुढाऱ्याने वा अधिकाऱ्याने बोलण्याऐवजी प्रत्येकाला स्वतःचे मत नोंदविता आले.

तथापि त्या उपायालाही एक मर्यादा आहे. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, त्यालाच विचारणा होते. मुलींना वडिलार्जित मिळकतीत समान वाटा महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मिळाला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीचा अंगठा उठतच आहे. भाऊ ज्याला 'घराण्याची जमीन' म्हणतो, त्या घराण्यातून बहीण कधी वगळली गेली? शेतमजुराची गोष्टही निराळी नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे मजूर, कुळे व वाटेकरी यांनाही बाधित कुटुंबांत गणले. परंतु गावच्या बैठकीत त्यांना बसायला जागा कोण देतो?

जमीन न गेलेल्याचाही या निर्णयांशी संबंध असतो, हे शिरोलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने येथून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला. पिके कुजली, पाळ्या बुडाल्या. महामार्गाच्या भरावाने पाणी तुंबते ही परिसरातील शेतकऱ्यांची तक्रार आहे. रस्ता कोणाच्या वावरातून जातो एवढेच पाहून भागत नाही. पाणी कोणाच्या वावरात साचते हेही पाहावे लागते.

म्हणून, मित्रहो, शेतकऱ्यांची एकजूट म्हणजे सर्वांनी एकसारखे बोलणे नव्हे. घामाला दाम, प्रकल्पाची संपूर्ण माहिती गावासमोर, आणि खातेदाराबरोबर त्याची बहीण, पत्नी व मजूर यांनाही निर्भय मत, या तीन मागण्यांवर जमीन विकणारा व न विकणारा एकत्र येऊ शकतो. एवढे मिळाल्यावरही मतभेद उरतील. ते अवश्य उरावेत. मोकळ्या माणसांचे मतभेद लोकशाहीला जड होत नाहीत. नडलेल्या माणसाचा होकार मात्र तिला पोखरतो.