पाटी लावली, आता पत राखा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू मुलखातली माणसे. गेल्या हिवाळ्यात राजगडाच्या पायथ्याला, गुंजवण्याला जाऊन आलो. पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूर लागते, तिथून आत मार्गासनी, साखर आणि पुढे गुंजवणे. तालुका वेल्हे, आता त्याला राजगड तालुका म्हणतात. पाऊस उदंड, पण जमीन उताराची, तुकड्यातुकड्यांची. पीक भाताचे.

गड उतरून खाली आलो. एका घरी पिठले-भाकरी सांगून ठेवली होती. ताटात ज्वारीची भाकरी आली. आम्ही मावशींना विचारले, "ज्वारी कुठली?"

"दुकानातली," त्या म्हणाल्या.

दुकानात कुठून आली ते त्यांना ठाऊक नव्हते. भात वाढायला आला तेव्हा मात्र न विचारताच म्हणाल्या, "हा आमचा इंद्रायणी, त्या खालच्या खाचरातला."

भावांनो, घास आमच्या घशात अडकला. भाताला नाव होते, गाव होते, खाचर होते. ज्वारी बिननावाची. ती आमच्यापैकीच कुणाची तरी असेल. कुणी पेरली, कुणी काढली, कुणी मळली, काही पत्ता नाही. पोते आडतीत उतरले की आपले नाव पुसले जाते.

इंद्रायणी काही देवाने त्यांच्या पदरात टाकलेला नाही. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने 1987 साली दिलेले ते वाण. मोहोळच्या केंद्रातून आलेली मालदांडी 35-1 आपल्याकडे त्याच्याही आधीपासून आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. 2023 हे वर्ष तर जगभर भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले गेले. माल चांगला आहे, गिऱ्हाईकही आहे. मधल्या वाटेवर नाव हरवते, एवढीच गोष्ट आहे.

घर सापडले कसे?

त्या मावशींचे घर आम्हाला कुणी दाखवले? फोनाने. आमच्यातल्या एका पोराने गावाचे नाव टाकले. घराचा फोटो, ताटाचा फोटो, फोन नंबर आणि जेवून गेलेल्यांनी लिहिलेली चार वाक्ये समोर आली. एकाने लिहिले होते, "जेवण साधे, पोटभर, जे ठरले तेच पैसे घेतले." ते वाचून आम्ही ठरवले. आम्ही त्यांना पाहिले नव्हते, त्यांनी आम्हाला पाहिले नव्हते. तरी व्यवहार झाला.

याला आपल्या भाषेत पत म्हणतात. पूर्वी पत गावात कळायची. दुकानदार उधार देताना बाप कोण, आजा कोण ते बघायचा. आता पुण्या-मुंबईचे गिऱ्हाईक पाच क्विंटल ज्वारी मागवण्याआधी तुमचे फेसबुकचे पान बघते, व्हॉट्सअॅपवरचा फोटो बघते. तिथे तुमच्या नावाऐवजी सिनेमातला नट आणि खाली कुणाला तरी दिलेल्या शिव्या असल्या, तर ते पुढच्या दारी जाते. तुम्हाला कळतही नाही की गिऱ्हाईक येऊन गेले.

राजगडाकडे माणसे आधीही जात होती. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यात राजगड आहे. आता आणखी येतील आणि वाट धरण्याआधी फोनात बघूनच येतील. गुंजवण्याला हे कळले आहे.

एक मात्र तिथेही खटकले. स्वयंपाक मावशींचा, पाटीवर आणि फोनात नाव मालकांचे. आपल्याकडेही कापूस वेचणार बाई आणि फोटोत उभा राहणार बाप्या. ज्यांच्या हातची कमाई, त्यांचे नाव पाटीवर हवे.

आमची चूक

उपदेश करण्याआधी कबुली देतो. दोन वर्षांमागे आम्हीही पाटी लावली. हुरड्याची. घाई अशी झाली की फोटो दुसऱ्याच कुणाच्या रानातले उचलून टाकले. दाण्यांनी भरलेली कणसे, शेजारी आगटी, वर मोठे झाड. गिऱ्हाईक आले. आमच्या रानात ज्वारी नुकती निसवत होती आणि झाड तर नव्हतेच. त्या मंडळींना गूळ-शेंगदाणे देऊन परत पाठवले. त्यांच्यातल्या एकाने एकच ओळ लिहिली: "फोटो खोटे आहेत." ती ओळ अजून तिथेच आहे. पुढच्या वर्षी हुरडा खरोखर चांगला होता, पण कुणी आले नाही. बियाण्याची पिशवी बोगस निघाली की आपण कंपनीला काय काय बोलतो! त्या दिवशी बोगस पिशवी आमची होती.

चित्र आणि हिशेब

हे एकट्यादुकट्याचे नाही, आपल्या सगळ्या जातकुळीचे आहे. 1 जून 2017 ला पुणतांब्याहून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. फोनाफोनांतून तो राज्यभर गेला. पण शहरातल्या घराघरांत कुठले चित्र पोचले? रस्त्यावर ओतलेल्या दुधाचे. ते दूध तयार व्हायला किती खर्च आला आणि हातात काय पडले, तो हिशेब त्या चित्रासोबत गेला नाही.

आता दुसरे उदाहरण. फेब्रुवारी 2023 मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरला 512 किलो कांदा विकला. वाहतूक, हमाली, तोलाई कापून हातात आला 2 रुपयांचा धनादेश. त्याची पट्टी आणि धनादेश यांचा फोटो देशभर गेला. घोषणा नाही, शिवी नाही. वजन, दर, कपात, शिल्लक. तो कागद कुणालाही खोटा म्हणता आला नाही. शेतकऱ्याची प्रतिमा अशा कागदाने उजळते.

आणि तिसरे, काळजाला घरे पाडणारे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनावरून फिरत होती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे ढकलता येईल अशी मर्यादा घातली. बोट दाबणारा प्रत्येक जण म्हणाला असेल, मी फक्त पुढे पाठवले. ज्या नावाने ज्वारी विकायची, त्याच नावाने अफवा पाठवली तर तो निरोप तुमच्याच सहीने गेला.

मग करायचे काय?

एक. पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा लिहा. फोटो स्वतःचा, रोजच्या कपड्यातला. विक्रीचा नंबर घरच्या नंबरापासून वेगळा ठेवता आला तर उत्तम.

दोन. फोटो आपल्याच रानाचा आणि त्याखाली तारीख. पेरणी, उगवण, काढणी, मळणी असा वर्षभराचा क्रम दिसला पाहिजे. पाऊस गेला आणि पीक करपले तर तेही दाखवा. नुसते हिरवेगार रान दाखवणाऱ्यावर विश्वास बसत नाही.

तीन. दर लिहिताना वजन, पोते आणि गाडीभाडे धरून की वगळून, ते लिहा. माल संपला की "संपला" लिहा. सेंद्रिय हा शब्द सजावटीला वापरू नका. कुठल्या रानात, किती वर्षे, काय टाकले आणि काय टाकले नाही हे सांगता येत असेल तरच लिहा.

चार. कुणी तक्रार लिहिली तर पुसू नका, भांडू नका. चूक असेल तर कबूल करा, भरपाई काय दिली तेही खाली लिहा. आम्ही त्या हुरड्याच्या ओळीखाली तेव्हाच माफी मागितली असती, तर पुढचे वर्ष वाया गेले नसते.

पाच. राजकारणावर मत मांडा, तो आपला हक्क आहे. पण स्वतःच्या नावावर शोभेल अशा भाषेत.

सहा. आधार, बँकेचे पासबुक यांचे फोटो पानावर टाकू नका. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, चौकोनी कोड स्कॅन करावा लागत नाही. कुणी तसे सांगितले तर तो गिऱ्हाईक नाही, चोर आहे. वेचणीला आलेल्या बायांचे आणि पोरांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

आता कापसाचे. खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. कापूस फेसबुकवर विकला जात नाही. तो जिनिंगलाच जाणार. पण पाच-पन्नास घरांनी मिळून पहिल्या वेचणीचा स्वच्छ, कोरडा कापूस वेगळा ठेवला, त्याचे तारखेसह फोटो आणि वजनाच्या पट्ट्या नीट मांडल्या, तर दर बोलताना हातात काही तरी असते. आज आपण हात हलवत जातो.

फोनाने भाव वाढतो असे आम्ही म्हणत नाही. भावाची लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. फोनावर फक्त नाव लागते. त्या नावाला वजन आणायचे काम आपले, आणि ते रानात, काट्यावर आणि दिलेल्या शब्दावरच होते.

गुंजवण्याहून निघताना आम्ही त्या मावशींना विचारले, पुढल्या सुगीला एक पोते पाठवले तर चालेल का? त्या म्हणाल्या, "पाठवा. पण वर गावाचे नाव घाला. जेवणाऱ्यांनी विचारले तर सांगता येईल."

यंदाचे पहिले पोते तिकडे जाणार आहे. ज्वारी चाळून, वजन करून, वर गावाचे नाव घालून. चाळायला कोण कोण येता, ते बैठक उठण्याआधी सांगा.