गाडीला पेट्रोल पोचत नाही तेव्हा



वरवे बुद्रुक हे भोर तालुक्यातले, पुणे–सातारा रस्त्यावरचे गाव. इथून निघालेली एखादी जुनी पेट्रोल जीप किंवा पद्मिनी सपाटीला बरी चालते, आणि खंबाटकीच्या चढाला लागली की आचके देऊन थांबते. लगेच कोणीतरी म्हणतो, "पंप गेला!" असेलही गेला, पण खात्री केल्यावाचून खिशाला हात घालू नये.

हा पंप करतो काय? लोहाराचा भाता आपण पाहिला आहे. त्याचेच हे धाकटे भावंड. आत एक लवचिक पडदा असतो, त्याला डायाफ्राम म्हणतात. इंजिनातल्या कॅमचा उंचवटा एक दांडी हलवतो, दांडी पडदा ओढते आणि टाकीतले पेट्रोल आत येते. मग स्प्रिंग पडद्याला उलट रेटते व पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जाते. दोन झडपा त्याला मागे फिरू देत नाहीत. शिक्षकांनी निकामी झालेला असा पंप स्वच्छ धुऊन, वाळवून वर्गात जरूर न्यावा. मुले स्वतःच दांडी हलवून पाहतील.

आता तपासणी. टाकीत पेट्रोल आहे ना? हसू नका, जुन्या गाडीचा काटा पुष्कळदा खोटे सांगतो. मग टाकीचे झाकण सैल करून पाहा. त्याचे बारीक छिद्र बुजले तर टाकीत हवा शिरत नाही, आणि चांगला पंपसुद्धा काही ओढू शकत नाही. गाळणीतला गाळ पाहा. मे महिन्याच्या उन्हात नळीतच पेट्रोलची वाफ होते. पंपावर ओले फडके ठेवून थोड्या वेळाने गाडी चालू झाली, तर बहुधा दोष उन्हाचा.

एवढ्याने भागले नाही तर इंजिन निवू द्या. विडीवाल्यांना लांब बसवा. ठिणगी पडू नये म्हणून कॉइलची तार सोडवा. कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिचे तोंड पत्र्याच्या डब्यात धरा आणि दुसऱ्याला हँडल मारायला सांगा. ठोक्याठोक्याला जोराची चिळकांडी आली तर पंप निर्दोष आहे. नुसते थेंब पडले तर टाकीकडची नळी सोडवून, आखूड नळीने दुसऱ्या डब्यातले पेट्रोल पंपाला द्या. आता चिळकांडी आली, तर दोष टाकीत किंवा तिच्या नळीत. तरीही नाही आली, तर मात्र पंपच गेला.

आणि एक गोष्ट कधीही विसरू नका. ऑइलची पट्टी काढून वास घ्या. ऑइल आपोआप वाढत नसते! पातळी चढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर पडदा फाटून पेट्रोल खाली इंजिनात उतरले आहे. अशी गाडी एक फर्लांगही चालवू नये. पातळ ऑइलाने बेअरिंगे जळतात, वाफ पेटण्याचेही भय असते. पंपाबरोबर ऑइलही बदलावे लागते.

पंप बदलताना प्रथम बॅटरीची तार काढा. टाकीकडच्या नळीला बूच मारा. तोंडाने पेट्रोल ओढण्याची खोड मात्र सोडा, ते फुप्फुसात गेले तर जिवावर बेतते. दोन बोल्ट काढले की पंप सुटतो. जुने गॅस्केट खरवडताना भोकात फडके कोंबा आणि नंतर ते आठवणीने काढा. नवे गॅस्केट जुन्याच्याच जाडीचे हवे. जाड बसवले तर दांडीचा पल्ला कमी पडतो आणि पेट्रोल अपुरे येते. इंजिन हाताने फिरवून कॅमचा उंचवटा बाजूला घ्या, दांडी कॅमवर नीट टेकवा आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने आवळा. दांडी अडकली असताना बोल्ट ओढाल तर ती मोडेल.

हल्लीच्या पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या रबराला ते मानवत नाही, तेव्हा इथेनॉल सोसणाऱ्या पडद्याचा पंप मागून घ्या. गाडी चालू झाल्यावर पाचएक मिनिटे जोडांकडे पाहत उभे राहा. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा एकदा काढून पाहा.